नागपूरला समुद्र होता तेव्हा

‘अटकेपार झेंडे’ हे शब्द मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या कानावर पडलेले असतात. ‘अटकेपासून कटकेपर्यंत’ हेही आपण भाषणांत सर्रास ऐकतो. पण हे कटक कुठे आहे आणि तिथवर गेले कोण, असे कुणी विचारले तर निदान नागपूरकरांनी तरी चटकन हात वर करायला हवा. १७५८ साली अटकेला गेली ती पेशव्यांची फौज. कटकला गेली ती नागपूरची. १७५१ ते १८०३ अशी तब्बल बावन्न वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या राज्याची पूर्वेकडची हद्द थेट बंगालच्या उपसागराला भिडलेली होती. कटक, जगन्नाथपुरी, कोणार्क, चिल्का सरोवर, बालेश्वर हा सारा मुलूख महालातल्या राजवाड्याच्या हुकमाखाली होता. म्हणजे ज्या गावात आपण शून्य मैलाचा दगड दाखवतो आणि ‘आमच्याकडे समुद्र नाही हो’ असे पाहुण्यांना सांगतो, त्या गावाला एके काळी समुद्र होता. आणि तोही चांगला शेकडो मैलांचा.

गंमत अशी, की नागपूरहून मुंबई आणि नागपूरहून पुरी ही अंतरे आजही फारशी वेगळी नाहीत. दोन्हीकडे साधारण आठशे ते नऊशे किलोमीटर. तरी ‘समुद्र पाहायला चाललो’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई, अलिबाग किंवा गोवाच येतो. पुरीला आपण जातो ते देवाला. समुद्र वाटेत भेटतो. मीही गेल्या पंचवीस वर्षांत तीनदा पुरीला गेलो. पहिल्या खेपेला घरच्या वडीलधाऱ्यांना दर्शन घडवायचे म्हणून, आणि नंतरच्या दोन खेपांना मुद्दाम तो किनारा, ती पुळण आणि त्या वाळूच्या टेकड्या पाहायच्या म्हणून. त्या पाहताना जे मनात आले, तेच आज आपल्यापुढे मांडतो आहे.

आधी थोडे मागे जाऊ. रघूजी भोसले पहिले हे मोठे धडाडीचे पुरुष. १७४१ च्या सुमारास त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडमार्गे पूर्वेला उतरले आणि पुढच्याच वर्षी बंगालच्या वेशीवर जाऊन धडकले. बंगालचा नवाब अलिवर्दीखान. त्याच्याशी ही झुंज नऊ-दहा वर्षे चालली. १७४४ साली अलिवर्दीने भास्कररामांना भेटीला बोलावून दगा दिला आणि त्यांच्यासह अनेक सरदार कापून काढले. त्यानंतर मोहिमा अधिकच चिवट झाल्या. शेवटी १७५१ साली तह झाला. नवाबाने बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये कबूल केले आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतच्या ओरिसाचा वसूल भोसल्यांकडे सोपवला. सुरुवातीला कारभार नवाबाच्या नावाने चाले. १७६० च्या सुमारास मात्र शिवभट साठे हे नागपूरचे सुभेदार म्हणून कटकात जाऊन बसले. त्यांच्यानंतर भवानी पंडित, संभाजी गणेश, राजाराम पंडित अशी मराठी नावांची रांगच तिथल्या कारभारात लागलेली दिसते.

नकाशावर हे वाचणे वेगळे आणि प्रत्यक्ष तिथे जाणे वेगळे. आपल्याकडून विजयनगरम्-ब्रह्मपूरमार्गे पुरीला जाणाऱ्या गाडीत बसलात, तर रंभा आणि बालुगाव या स्टेशनांच्या आसपास उजव्या खिडकीशी बसा. अचानक झाडी सरते आणि पाणीच पाणी दिसू लागते. हा चिल्का. पावसाळ्यात याचा पसारा अकराशे चौरस किलोमीटरच्या वर जातो. आपल्या अंबाझरीला समुद्र म्हणणाऱ्या पोरांना हे दाखवायला हवे! पण तोही समुद्र नव्हे. समुद्र त्याच्या पलीकडे आहे, आणि दोहोंच्या मधे आहे ती फक्त वाळूची एक लांबच लांब पट्टी. नीट ध्यानात ठेवा ही पट्टी; आपल्या कथेत तिचे काम पुढे आहे.

ही वाळू येते कुठून? नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात लाटा या किनाऱ्यावर तिरप्या येऊन आदळतात. त्या वाळू उचलतात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकवतात. नद्यांनी डोंगरांतून आणलेला गाळ त्यात भर घालतो. त्यामुळे इथे वाळूचे बांध तयार होतात, नद्यांची मुखे बुजतात, सरकतात, पुन्हा फुटतात. चिल्काचे समुद्राकडचे तोंड असेच सरकत आणि बुजत गेले, तेव्हा सप्टेंबर २००० मध्ये वाळू कापून नवे तोंड उघडावे लागले. बंदरांचेही तेच झाले. चिल्काच्या मुखाजवळच्या माणिकपाटण्याला उत्खननात चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. इतका दूरचा व्यापार तिथे चाले. आज तिथे कोळ्यांच्या होड्या दिसतात. इथे राजे तर बदललेच, पण खुद्द किनारासुद्धा एका जागी बसून राहिलेला नाही.

पुरीहून कोणार्ककडे किनाऱ्यालगतच्या रस्त्याने निघालो, की डाव्या-उजव्या हाताला सुरूची बने आणि त्यांच्यामागे वाळूच्या टेकड्या लागतात. एका टेकडीवर मी चढलो. दोन पावले वर जावे आणि एक पाऊल खाली घसरावे, असे ते चढणे. वर पोचल्यावर समोर महोदधी. पुरीच्या समुद्राला हेच नाव आहे. टेकडीच्या समुद्राकडच्या अंगावर जांभळ्या फुलांची, जाड पानांची एक वेल पसरलेली होती. आपल्या कोकणातही ती आहे. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राने कुठवर यायचे त्याची मर्यादा ही वेल सांगते, असा तो अर्थ. आणि शास्त्रही तेच सांगते. वारा कोरडी वाळू उडवत आणतो, वेल तिला अडवते, वाळू साठते, वेल तिच्यावर चढते, पुन्हा वाळू साठते. अशी वर्षानुवर्षे टेकडी उभी राहते. वादळात समुद्र चढून आला की हीच साठवलेली वाळू पुढे होते आणि मागचे गाव वाचते. शिवाय पावसाचे गोडे पाणी या वाळूत मुरून राहते. पुरी शहराने कित्येक दशके चक्रतीर्थ आणि बालियापंडा इथल्या वाळूखालचेच पाणी प्यायलेले आहे. खाऱ्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडे पाणी मिळते, ते या टेकड्यांच्या कृपेने.

आता प्रश्न असा, की बावन्न वर्षे हा किनारा हाती असताना नागपूरने त्याचे काय केले?

पहिली गोष्ट म्हणजे मीठ. आपल्या विदर्भात, छत्तीसगडात मीठ पिकत नाही; ते समुद्राकडूनच यायला हवे. ओरिसाच्या किनाऱ्यावर खारे पाणी आटवून उत्तम मीठ तयार होई. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून तांडे महानदीच्या खोऱ्याने खाली उतरत आणि परतताना मीठ घेऊन येत. इतिहासात लढायांना पाने मिळतात, बैलांना मिळत नाहीत. पण आपल्या पणज्यांच्या वरणातले मीठ पुष्कळदा या वाळूवरून आलेले होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जगन्नाथाचे देऊळ. खुर्द्याच्या राजाने शेजारच्या राजाविरुद्ध मराठ्यांची मदत घेतली. ठरलेली रक्कम त्याला देता आली नाही, तेव्हा पुरीसह काही परगणे मराठ्यांकडे आले आणि देवळाची व्यवस्थाही. यात्रेकरूंकडून कर घेतला जाई. पुरीच्या वेशीवर अठरनळा नावाचा जुना दगडी पूल आहे, तिथे हा वसूल चाले. देवळाच्या खर्चाची तोंडमिळवणी सरकार करी. कर म्हटला की तक्रारी आल्याच, आणि त्या होत्याही. पण इंग्रज आल्यावर तोच कर त्यांनी १८०६ पासून पुढे चालू ठेवला आणि थेट १८४० साली उठवला, हेही लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट तर आपल्यातला प्रत्येक यात्रेकरू पाहून येतो, फक्त त्याला ठाऊक नसते. जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर सोळा बाजूंचा, काळ्या पाषाणाचा, दहा मीटर उंचीचा एक अखंड स्तंभ उभा आहे. वर हात जोडून बसलेला अरुण, म्हणजे सूर्याचा सारथी. सूर्याचा सारथी जगन्नाथाच्या दारात कसा? कारण हा स्तंभ मुळात कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोरचा. अठराव्या शतकात, मराठी अमलात, तो तिथून काढून पुरीला आणून उभा केला गेला. मराठ्यांचे गुरू ब्रह्मचारी गोसावी यांनी तो आणवला, असे परंपरा सांगते.

कोणार्क तेव्हा ओस पडलेले होते. तेराव्या शतकात नरसिंहदेव पहिला याने बांधलेले हे देऊळ, पूजा थांबलेली, भोवती वाळू चढत चाललेली. शिखराचा एक उंच तुकडा अजून तग धरून होता. १८३७ साली फर्ग्युसनने काढलेल्या चित्रात तो दिसतो. १८४८ च्या वादळात तोही कोसळला. पुढे १९०३ मध्ये इंग्रज सरकारने उरलेला मंडप पडू नये म्हणून त्याच्या पोटात वाळूच भरून दारे बंद केली. शंभराहून अधिक वर्षे ती वाळू आत होती. ती काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याने अलीकडे हाती घेतले आहे. तेव्हा मराठ्यांनी अरुणस्तंभ हलवला तो वाचवण्यासाठी, की ओसाड देवळाचा दगड म्हणून उचलला? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला इतकेच दिसते, की कोणार्कच्या अंगणात त्याची जागा रिकामी आहे आणि पुरीत त्याला रोज हजारो लोक हात लावून नमस्कार करतात.

हे सगळे ऐकून छाती फुगली असेल, तर थोडे थांबा. त्याच किनाऱ्यावर मला कोलकात्याचे एक वृद्ध गृहस्थ भेटले. पुरी म्हणजे बंगाली कुटुंबांचे जणू माहेर. संध्याकाळी पुळणीवर निम्मे बोलणे बांगलाच ऐकू येते. वाळूत खुर्च्या टाकून चहा पिताना त्यांनी विचारले, ‘दादा, कुठून आलात?’ मी म्हणालो, ‘नागपूर.’ ते हसले आणि शेजारी बसलेल्या नातवाला म्हणाले, ‘बघ, बर्गी आले!’

‘बर्गी’ हा शब्द आपल्या ‘बारगीर’चा अपभ्रंश. सरकारी घोड्यावर बसून लढणारा स्वार तो बारगीर. बंगालमध्ये मात्र बर्गी म्हणजे गावे जाळणारा, पीक लुटणारा, कर मागणारा परका. बंगाली आया लेकरांना झोपवताना अजूनही एक अंगाई म्हणतात, तिच्यात बर्गी देशात आल्याची भीती आहे. आपल्या घोडेस्वारांच्या भीतीने कोलकात्याच्या लोकांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ रचले. नावावरून वाटेल की आपली स्तुती असेल. आत आहेत ते गावोगावच्या लुटीचे आणि पळापळीचे वर्णन.

त्या गृहस्थांच्या बोलण्यात राग नव्हता. आम्ही आणखी एक चहा घेतला. ‘आमच्याकडे भास्करराम म्हणजे शूर सेनापती, दग्याने मारला गेलेला,’ असे मी सांगितले. ते म्हणाले, ‘आमच्याकडे भास्कर पंडित म्हणजे आजीने सांगितलेला बागुलबुवा.’ एकच माणूस, आणि दोन घरांत त्याची दोन चित्रे. दोन्ही खरी. इतिहास वाचताना आपण आपल्या घरातले चित्र तेवढे भिंतीवर लावतो. समोरच्याच्या घरातले पाहायला त्याच्या अंगणात जावे लागते. ‘अटकेपासून कटकेपर्यंत’ म्हणताना या बंगाली आजीचीही आठवण ठेवायला हवी, असे मला त्या दिवशी फार वाटले.

आता पुन्हा त्या वाळूच्या पट्टीकडे वळू. नागपूरला हा किनारा म्हणजे आपल्या मुलखाचा शेवटचा परगणा वाटे. वसूल येतो, मीठ येते, देवदर्शन घडते. त्यापुढे पाणी, म्हणजे राज्य संपले. भोसल्यांचे बळ घोडदळात. आरमार त्यांच्याकडे नव्हते. इंग्रजांना मात्र तोच किनारा वेगळा दिसत होता. त्यांचे एक ठाणे कोलकात्याला, दुसरे मद्रासला. ओरिसाच्या दक्षिणेचे उत्तर सरकारांचे जिल्हेही त्यांच्या हाती आलेले. मधे अडसर एकच, नागपूरकर भोसल्यांचा कटक प्रांत. आपल्याला जी हद्द होती, ती त्यांच्या दृष्टीने वाटेचा मधला, तुटलेला दुवा होता.

म्हणून १७६० च्या दशकापासून इंग्रज भोसल्यांकडे कटक मागत राहिले. १७६६ साली टॉमस मॉट नावाचा व्यापारी क्लाइव्हच्या सांगण्यावरून संबळपूरच्या हिऱ्यांसाठी या मुलखातून गेला. त्याने आपल्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले आहे. कटक नाहीच मिळाले, तेव्हा निदान जायला वाट द्या म्हणून पैसे मोजले. १७८१ साली हैदरअलीशी लढायला कर्नल पिअर्सची फौज बंगालमधून मद्रासकडे याच किनाऱ्याने चालत गेली. त्या वेळी मुधोजी भोसल्यांचे चिरंजीव खंडोजी ऊर्फ चिमणाबापू मोठे सैन्य घेऊन कटकात होते. हेस्टिंग्जने लाखो रुपये देऊन त्यांना शांत ठेवले. पैसा नागपूरला मिळाला. वाट मात्र इंग्रजांच्या पायाखालची झाली.

१८०३ साली दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले. रघूजी दुसरे शिंद्यांबरोबर दख्खनमध्ये गुंतलेले. सप्टेंबर महिन्यात, ऐन पावसाळ्यात, कर्नल हारकोर्टची फौज गंजामहून निघाली आणि त्या वाळूच्या पट्टीवरून चालू लागली. डाव्या हाताला चिल्का, उजव्या हाताला समुद्र, मधे जेमतेम वाळू. खरे तर अशा जागी मूठभर माणसे मोठी फौज अडवू शकतात. पण मालूदचा मराठ्यांचाच फौजदार फत्ते महंमद इंग्रजांना मिळाला आणि चिल्काचे मुख ओलांडायला त्याची मदत झाली. बदल्यात त्याला जहागीर मिळाली. १८ सप्टेंबरला पुरी इंग्रजांच्या हाती गेली. देवळाच्या पावित्र्याला धक्का लावू नका, अशी गव्हर्नर जनरल वेलस्ली याची ताकीद होती. नागपूरच्या अमलात देऊळ हे सत्तेचे मर्मस्थान कसे होते, ते त्यांनी नीट हेरले होते. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला पडला. तिकडे उत्तरेला समुद्रातून उतरलेल्या तुकडीने बालेश्वर घेतलेलेच होते.

याच दिवसांत आपल्याकडे असई, अडगाव आणि गाविलगड झाले. ती नावे आपल्याला पाठ आहेत. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला, याचे दुःख आपल्या इतिहासात सविस्तर नोंदलेले आहे. त्याच तहात कटक प्रांत गेला, म्हणजे नागपूरचा समुद्र गेला. त्याबद्दल मात्र फारसे कुणी हळहळलेले दिसत नाही. जे आपण समुद्र म्हणून कधी पाहिलेच नव्हते, ते गेल्याचे दुःख तरी कसे व्हावे?

परिणाम मात्र झाले. इंग्रजांनी मिठाची मक्तेदारी बसवली. किनाऱ्यावरच्या लोकांना आपल्याच मिठासाठी जास्त पैसे मोजावे लागले. १८१७ च्या पाइकांच्या उठावामागे जी कारणे होती, त्यांत हेही एक होते. त्याच सुमारास नागपूरकरांनी सीताबर्डीची लढाई गमावली. अखेर १८५४ मध्ये सारे नागपूर राज्यच खालसा झाले.

पुढे १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि आपल्या गावाचे नाव पुन्हा त्या वाळूवर गेले. पुरीच्या समुद्राकाठी त्या कंपनीचे हॉटेल उभे राहिले. ते आजही ‘बीएनआर’ म्हणून ओळखले जाते. त्यातला ‘एन’ म्हणजे आपले नागपूर, हे तिथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक नाही आणि तिथे उतरणाऱ्या नागपूरकरालाही.

आणि त्या वाळूच्या टेकड्या? कायद्याने किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संरक्षण आहे. पण पुरी शहरालगत हॉटेलांच्या रांगांनी त्या पुष्कळशा सपाट झालेल्या दिसतात. कोणार्ककडच्या बाजूला १९८४ पासून अभयारण्य आहे म्हणून काही उरल्या. ३ मे २०१९ रोजी फनी चक्रीवादळ पुरीजवळच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा सुरूची असंख्य झाडे आडवी झाली. त्यानंतर मी गेलो तेव्हा पडलेल्या खोडांच्या आसपास, उघड्या वाळूवर, मर्यादवेल पुन्हा पसरू लागली होती.

पुरीला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. या वेळी गेलात तर एक दिवस हाती राखून ठेवा. सातपाड्याला जाऊन होडीने चिल्काच्या मुखापर्यंत जा आणि नागपूरचे समुद्रराज्य ज्या पट्टीवरून गेले ती वाळू पायाखाली घ्या. सिंहद्वाराशी अरुणस्तंभाला हात लावाल, तेव्हा तो तिथे कुणी आणला ते मुलांना सांगा, आणि कुठून आणला तेही सांगा. शेजारी कुणी बंगाली कुटुंब असेल तर त्यांना चहा पाजा आणि त्यांच्या आजीची अंगाई म्हणायला सांगा. मुलांनाही जवळ बसवून ती नीट ऐका. टेकडीवर चढाल तेव्हा वेलीवर मात्र पाय देऊ नका. तिथल्या गावांना तिचा फार आधार आहे.